तिसऱ्या नंबरची पेटी

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीवर दरड आली, तेव्हा आमचा फौजेचा इंजिनिअर्सचा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, महाडला होता. मी हवालदार, गाव उमरठच्या बाजूचं. म्हणून कॅप्टनसाहेबांनी दहा जवान देऊन मलाच धाडलं. "तुझाच एरिया आहे. सांभाळ." रस्ता वाहून गेलेला. सामान पाठीवर, चढ अडीच तासांचा.

वाचलेली माणसं समाजमंदिरात होती. तिथं गुरुजी भेटले, अनवाणी. त्यांनी वहीचं एक पान माझ्या हातात दिलं. वाचलेल्या सतरा मुलांची नावं होती.

"साहेब, महाडात शाळेच्या पेट्या आल्यात म्हणं. दप्तरं, पाट्या, घडीचा फळा. तेवढी एक वर आणा."

"गुरुजी, आधी पोटाचं बघू. पोरं काय खडू खाणार हायत?"

जवान हसले. गुरुजी हसले नाहीत. "पोरांना बसवायला कायतरी पायजे हो. नायतर ती तिकडं दरडीत जातात, दप्तरं शोधायला."

बघतो म्हणालो आणि पान खिशात घातलं. आमच्याकडे लोडचा नियम असतो. औषधं वन, रेशन टू, बाकी सगळं थ्री. पेटी थ्रीमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी दोन जवान मोकळे होते, पेटी सहज वर आली असती. त्यांच्या पाठीवर मी आमचाच तंबू चढवला. दरडीपाशी पहारा लावायचंही मला सुचलं नाही. अठरा वर्षांची नोकरी, आणि अक्कल अशी!

तिसऱ्या दिवशी ०९४० वाजता वरून पुन्हा माती सुटली. वायरलेस सेट वाजला, तिकडं गेलेला माझाच एक जवान.

"दरडीखाली सिव्हिलियन. लहान मुलगी. ओव्हर."

"जिवंत? ओव्हर."

"वेट."

मी पळत गेलो. फावडं तिला लागेल म्हणून हातांनी उकरत होतो. १११५ वाजता तिला बाहेर काढलं. सुगंधा, चौथीतली. दप्तर तिला सापडलंच नव्हतं.

पेटी चौथ्या दिवशी वर आली. मीच आणली. खांदा सोलून निघाला, पण जवानांना हात लावू दिला नाही. मुलं ओळीत बसली. मी खिशातलं पान काढलं आणि फौजेत सामान वाटतात तसं सुरू केलं. नाव घ्यायचं, वस्तू द्यायची, टिक करायची. पोरं पटापट उठत होती. जरा बरं वाटायला लागलं होतं.

"सुगंधा."

तोंडातून गेलं आणि जीभ चावली. यादी पहिल्या दिवसाची होती. मुलांनी माना खाली घातल्या. मला वर्दीची लाज वाटली. मागं खांबाला टेकून तिची आई बसली होती. ती उठली.

"वैनी, चुकलं माझं..."

"तिचंच हाय ना ते? द्या हिकडं."

तिनं दप्तर दोन्ही हातांनी घेतलं, चेन उघडून आत बघितलं आणि परत जागेवर जाऊन बसली. मी नावापुढं टिक केली. पुढचं नाव गुरुजींनी घेतलं, मला वाचता येईना.

आता मी पेन्शनीत आहे. पलटणीच्या स्थापनेच्या दिवशी आम्ही जुनी माणसं जमतो. गेलेल्यांची नावं वाचतात, मग दोन मिनिटं उभं राहायचं. ती नावं मला पाठ आहेत. ती संपली की मी मनात अजून एक घेतो. दप्तर घ्यायला कुणी उठत नाही.