डबल बेल

आमच्या आबांनी उभ्या जन्मात कुठल्या गाडीला नाव ठेवलं नाही. एस.टी.नं दिली ती गाडी. मग तिचा गिअर पडत नसू दे, वायपर एकच असू दे, "चालतीया की," म्हणायचे आणि चढवायचे पन्हाळ्याला. मला त्यांचा राग यायचा तो ह्याच्यासाठीच. माणसानं एकदा तरी कुरकूर करावी की नाही? माझ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलायचा की नाही ह्यावर आमच्या घरात सहा महिने जो घोळ चालला, त्याचं मूळ ह्या "चालतीया की"मध्येच आहे.

आबा, म्हणजे सयाजी पोवार, बावीस वर्षं कोल्हापूर–पन्हाळा गाडीवर ड्रायव्हर होते. कंडक्टरही बहुतेक एकच, फक्रुद्दीन मुजावर. आबा त्यांना मास्तर म्हणायचे, ते आबांना ड्रायव्हरसाहेब, आणि मी फक्रूचाचा. मे महिन्याच्या सुट्टीत मी सारखी त्यांच्या गाडीत. माझी जागा ठरलेली होती: ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनावरचं बॉनेट, वर फाटकं रेक्झिन. घाट चढेपर्यंत ते असं तापायचं की पन्हाळ्याला पोचलं की आबा सांगायचे, "इरा, जपून उतर. बॉनेट तापलंय." आणि मी हमखास भाजून घ्यायचे. पोटरीवर अजून डाग आहे. कुणी विचारलं तर मी तो हौसेनं दाखवते.

गर्दीत बेलची दोरी हाताला आली नाही, की चाचा तिकिटाला भोक पाडायचा पंच दांड्यावर दोनदा वाजवायचे. टक टक. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. त्या दोन टकटकीशिवाय आबांचा पाय क्लचवरनं हलायचा नाही. मागनं गाड्या बोंबलू देत, आतली माणसं शिव्या घालू देत.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं तेव्हा तपासणीत आबांचे डोळे अधू निघाले. काचबिंदू. उजवा जवळजवळ गेलेलाच, डाव्याच्या कडा चाललेल्या. दुसऱ्या दिवसापासून आबा डेपोच्या गेटवर, आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. ड्रायव्हर रिटायर होतो तेव्हा शेवटच्या फेरीला गाडीला हार घालतात, चाकापुढं नारळ फोडतात, घरचे सगळे गाडीत बसतात. आबांची शेवटची फेरी होऊन गेली होती, आणि ती शेवटची आहे हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. रिटायर झाले त्या दिवशी चाचांनी नारळ आणला. फोडणार कशापुढं? गेटपुढं? आबा तो पिशवीत घालून घरी आले. आईनं त्याची बर्फी केली, आबांनी तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. मला फार वाईट वाटलं होतं.

आता आई नाही. घरात आम्ही दोघंच. मी राजारामपुरीत एका दवाखान्यात नंबर लावायचं काम करते आणि संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटरवर गेम खेळते. छत्तीस वर्षांची बाई गेम खेळते म्हणून लोक हसतात. हसू देत. आम्ही कोल्हापूरच्या पोरी तशाही "मी जातो, मी येतो" म्हणणाऱ्या, आम्हाला कोण काय बोलणार? आबा शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि विचारायचे, "आज किती मारलीस माणसं?"

एकदा मला बस चालवायचा गेम सापडला. सांगलीच्या कुणा पठ्ठ्यानं निव्वळ हौसेपायी त्यात कोल्हापूर–पन्हाळा रस्ता बनवून टाकला होता. स्टँड, शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, वरचा नाका, सगळं जिथल्या तिथं. थांब्यावर दार लागलं की आपोआप डबल बेलसुद्धा वाजायची. फक्रूचाचांचा शाहबाज आमच्याच गल्लीत कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. त्यानं एक जुनं स्टिअरिंग आणि पेडल आणून जोडून दिलं.

"ही ताटली कसली?" आबा स्टिअरिंग बघून म्हणाले. मग बसले. गाडी सुरू झाली तसा त्यांचा डावा हात आपसूक गिअरकडं गेला, आणि मी चहा टाकायच्या निमित्तानं आत निघून गेले. रडू येतं हो अशा वेळी, काय करायचं.

बाहेर आले तर म्हणाले, "इरा, एकदा खालनं वर न्यायची. एकच फेरी. डोळा हाय तवर."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पडद्यानं डोळ्याला काही होत नाही, खेळू दे. पण डावा किती दिवस साथ देईल ते मी सांगू शकत नाही. म्हणजे घाई होती. आणि घाई असतानाच माझं मशीन दगा द्यायला लागलं.

केर्लीच्या बाजारात गाडी झटके खायची. माणसं, म्हशी, रिक्षा सगळं एकदम आलं की चित्र अडखळायचं. आबा "चालतीया की" म्हणत पुढं काढायचे. पण वाघबीळ सोडून घाटाला लागलं, की तिसऱ्या वळणावर गाडी ठप्प. मी भाकरी थापून बाहेर यावं तर गाडी तिथंच उभी आणि आबा स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प. "अडकलं बघा परत!" म्हणून मी बटण दाबून सगळं बंद करायचे. आबा उठायचे, चष्मा पुसायचे, जेवायला बसायचे. दर वेळी तेच वळण. पन्हाळा काही येईना.

शाहबाज येऊन बघून गेला. "ताई, प्रोसेसर दहा वर्षांचा झालाय. केर्लीत पार शंभर टक्क्यांवर जातोय, झटके त्याचेच. बदलायचा म्हणजे बोर्ड आला, रॅम आली, सगळंच नवं."

"मग बदल."

"पण वळणावर तो निवांत हाय. तिथं गाडी का थांबतीया, ते काय मला कळंना."

"कळंना तर दुकान कशाला काढलंयस?" मी म्हटलं. बिचारा हसून गेला.

आबा मात्र अडून बसले. "डोळंच जुनं झाल्यात, मशीन नवं कशाला? चार महिन्यांनी मला दिसंना झालं तर त्या नव्याचं काय करायचं? हाय ती चालतीया की."

"कुठं चालतीया? वळणावर थांबतीया!"

ते माझ्याकडं नुसते बघत राहिले. आणि मीही, खरं सांगते, टाळत राहिले. आज बघू, दिवाळीनंतर बघू. नवं मशीन घेतलं आणि डोळाच गेला, तर ते रोज समोर दिसत राहणार, ह्याची मला धास्ती होती. मग एका सकाळी आबांनी चहाचा कप टेबलावर ठेवला तो काठाच्या बाहेर. कप फुटला. आबा खाली बसून तुकडे चाचपत होते, आणि मला एकदम तो पिशवीतला नारळ आठवला. त्याच दिवशी मी शाहबाजला सांगितलं, आबांना विचारू नकोस, घेऊन ये.

रविवारी दुपारी नवीन मशीन लागलं. आबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मी डावीकडं लोखंडी पेटीवर. स्टँड सुटला. पूल गेला. केर्लीचा बाजार आला, आणि गाडी अशी लोण्यातनं काढावी तशी पुढं गेली. एक झटका नाही! मी टाळी वाजवली. वाघबीळ गेलं, घाट लागला, पहिलं वळण, दुसरं वळण.

तिसऱ्यावर गाडी उभी.

माझं टाळकंच सटकलं. शाहबाजला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सुरू झाले. "काय बसवलंयस रे? त्याच वळणावर मेलं परत! हेच बघायला सहा महिने घालवले व्हय आम्ही?"

"इरा," आबा म्हणाले, "त्याला का शिव्या घालतीस? गाडी मी थांबवलीया."

"तुम्ही? का?"

"चिमणाबाई चढायची न्हाय व्हय."

मग मला ती आठवली. खालच्या वस्तीवरची म्हातारी, डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी. गडावर दही विकायला जायची. तिथं थांबा नव्हता, कधीच नव्हता. पण वाघबिळापर्यंत चालायचं तिच्या गुडघ्यात बळ नव्हतं, म्हणून आबा वळणावर गाडी उभी करायचे आणि चाचा पाटी उचलून आत घ्यायचे. मला ती बोटभर दही चाटवायची. तिला जाऊनही आता किती वर्षं झाली.

"अहो, मग पुढं न्यायची की!"

"डबल कुठं पडली?"

सांगलीच्या पठ्ठ्यानं थांब्यांवर बेल ठेवली होती. हा थांबाच नव्हता, तर बेल येणार कुठनं? सहा महिने माझा बाप त्या वळणावर डबल बेलची वाट बघत बसत होता, आणि मी येऊन मशीन बंद करत होते.

"मग बोलायचं न्हाय मला?"

"तू बंद करायचीस. म्हटलं, कटाळली असशील."

मला त्यांचा इतका राग आला, आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त. "म्हणजे हा प्रोसेसर उगाचच बदलला मी?"

"उगाच कसा? जुन्यावर वरच्या नाक्याच्या गर्दीत झटके बसून म्हातारीचं दही सांडलं असतं. आता वरपर्यंत थेंब सांडायचा न्हाय."

फोन चालूच होता. मग पलीकडनं खोकल्याचा आवाज आला. चाचा हल्ली दिवसभर त्याच्या दुकानातच बसून असतात.

"ड्रायव्हरसाहेब, कुठं हाईसा?"

"चिमणाबाईच्या वळणावर हाय, मास्तर."

"चढली का म्हातारी?"

"चढली."

"पाटी नीट ठेवली?"

"ठेवलीया. तुमचीच वाट बघतोय."

काही तरी उघडल्याचा, शोधल्याचा आवाज आला. ड्रॉवर असेल. मग फोनमधनं, अगदी स्वच्छ, लोखंडावर लोखंड वाजलं. टक टक.

आबांचा पाय क्लचवरनं सुटला. गाडी हलली. चौथं वळण, पाचवं. चाचा फोनवर होते, म्हणजे गाडीतच होते. आबांच्या डाव्या डोळ्यातनं पाणी वाहत होतं आणि हात स्टिअरिंगवर जराही डगमगत नव्हता. नाका आला, झाडं आली, पन्हाळ्याचा स्टँड आला. आबांनी गाडी जागेवर लावली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"पन्हाळा! उतरा!" चाचा फोनमधनं ओरडले, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं.

"इरा, घरात नारळ हाय का?" आबांनी विचारलं.

"हाय की. आणतो." मी पेटीवरनं उठायला लागले, तसा त्यांनी समोरच बघत डावा हात माझ्यापुढं आडवा धरला.

"जपून उतर," ते म्हणाले. "बॉनेट तापलंय."

मी जपून उतरले.