वर्लीनबाईंची तीन मिनिटं

वर्लीन गॅस्किन्स यांना थोडक्यात बोलता येत नाही, हे एल्डरटन गावातलं शेंबडं पोरही सांगेल. एकदा माउंट नेबो चर्चमध्ये पाद्रीबुवांनी त्यांना पाहुण्यांचं दोन शब्दांत स्वागत करायला उभं केलं. त्या रविवारी निम्म्या गावाच्या ओव्हनमधल्या कोंबड्या करपल्या. त्यांचे यजमान एमोस हे जॉर्जिया राज्यातले सर्वांत अबोल गृहस्थ म्हणून गेले; त्यांना कधी संधीच मिळाली नाही, असं शेजारी म्हणतात. बाईंनी जन्मभर शाळेची बस चालवली. त्या बसला रेडिओ नव्हता आणि तो नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अशा बाईंवर तीन मिनिटांत एक वर्ग वाचवायची पाळी आली.

पूर्वी आमच्या सरकारी हायस्कूलात काळ्या लोकांचा इतिहास म्हणजे फेब्रुवारी या त्यासाठी नेमलेल्या महिन्यात भिंतीवर चार थोर माणसांची चित्रं टांगायची आणि मार्च उजाडला की उतरवून कपाटात टाकायची, एवढाच. मग मागण्या झाल्या, सह्या झाल्या, भांडणं झाली आणि वर्षभर चालणारा वर्ग सुरू झाला. गोरी, काळी, सगळी पोरं त्यात बसू लागली. आपल्याच तालुक्यातल्या जुन्या शाळा, जुनी थडगी, जुने खटले शोधू लागली. आता शाळा समितीचे अध्यक्ष रॉइस हॅचर यांनी ठराव आणला होता, की हा वर्ग बंद करावा. हॅचरसाहेब ट्रॅक्टर विकतात आणि कुणाशीही वाईट वागत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की फेब्रुवारी आहेच की!

समितीत पाच जण. दोघं ठरावाच्या बाजूने, दोघं विरुद्ध. पाचवे लिअँडर बॉयकिन. समितीतले एकटेच काळे सभासद, विम्याचा धंदा, इस्त्रीचा शर्ट, तोलून मापून बोलणं. त्यांनी हॅचरना आधीच शब्द दिला होता, की गावात शांतता राहावी म्हणून मी तुमच्या बाजूने हात वर करीन. हे गुपित होतं, म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

वर्लीनबाईंचा जीव या वर्गात अडकला त्याला कारण त्यांची नात कियोना. ती त्या वर्गात जायची. एकदा जेवताना तिने विचारलं, "आजी, तू कुठल्या शाळेत होतीस गं?" आणि जी बाई टपालवाल्याला आपल्या गुडघ्याचा सगळा इतिहास ऐकवते, ती गप्प झाली. उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी. पन्नास वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता आणि त्यांनी स्वतःहून कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं. सकाळी कियोना म्हणाली, "आजी, हे समितीपुढे सांग."

समितीने दोन्ही बाजूंना एकेकच वक्ता दिला, तीन मिनिटं. आपल्या बाजूने कोण बोलणार याची चर्चा चर्चमध्ये झाली, म्हणजे झालीच नाही. वर्लीनबाई उभ्या राहिल्या होत्या; त्यांना बसा म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

तालमीला कियोना मोबाइलवर वेळ लावून बसली. पहिल्या दिवशी घंटी वाजली तेव्हा बाई अजून आभार मानत होत्या.

"आजी! सगळी वेळ आभारातच गेली!"

"मग काय उद्धटासारखी एकदम मुद्द्यावर येऊ? माझ्या आईने तसं वळण नाही लावलं मला."

"तुझ्या आईला तीन मिनिटं नव्हती मिळाली."

छाटत छाटत अखेर भाषण बसलं. चर्चमध्ये सगळ्यांसमोर म्हणून पाहिलं. आमच्याकडे बोलणं हे एकट्याचं काम नसतं. बोलणारा एक वाक्य टाकतो, बाकावरची माणसं "खरंय!", "बोला, बाई, बोला!" म्हणत ते पुढे ढकलतात. झोपाळ्याला मागून धक्का मिळावा तसं. सगळ्यांत मोठा धक्का चर्चचे वडीलधारे सेवक डीकन एझेल यांचा. कान गेल्यापासून त्यांचा आवाज दुप्पट झाला होता. लोकांचे धक्के धरून भाषण बरोबर तीन मिनिटांत बसलं.

सभेच्या संध्याकाळी शाळेचा हॉल गच्च भरला. हॅचरसाहेबांनी हातोडी आपटली आणि चष्मा लावून नियम वाचला. "वक्ता बोलत असताना कुणाच्याही तोंडून आवाज निघता कामा नये. टाळी नको, शब्द नको. एकही आवाज आला तर हॉल रिकामा करीन, भाषण तिथेच थांबेल आणि आम्ही मतदान करू."

माउंट नेबोची शंभरएक माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग सगळ्यांनी मिळून डीकन एझेलकडे बघितलं.

"काय म्हणाला तो?" डीकननी विचारलं. दाराजवळचा पोलीस दचकला.

त्यांच्या बायकोने, मिस हॅटीने, पर्स उघडून पेपरमिंटची गोळी त्यांच्या तोंडात घातली. पाठोपाठ दुसरी. मग खबरदारी म्हणून तिसरी. "चोखायच्या," ती त्यांच्या कानात म्हणाली. "उघडलंत तोंड तर उद्यापासून स्वतः रांधा."

आधी दुसऱ्या बाजूचा वक्ता बोलला. दीड मिनिटात आटपून बसला, तेही सभ्यपणे. मग वर्लीनबाईंचं नाव पुकारलं गेलं.

मायक्रोफोन समितीकडे तोंड करून होता. म्हणजे बाईंच्या पाठीशी सगळे आपले आणि समोर फक्त पाच चेहरे. टेबलावर वेळ दाखवणारे तीन दिवे. हिरवा लागला.

"माझं नाव वर्लीन गॅस्किन्स," बाई म्हणाल्या. "आणि मी इथे भांडायला आलेली नाही."

सवयीने त्या थांबल्या.

मागून काहीच आलं नाही. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं झालं. बाईंनी पुढचं वाक्य म्हटलं. पुन्हा शांतता. इतकी शांतता त्यांनी एमोसच्या दफनाच्या वेळीही ऐकली नव्हती. आता तिसरं वाक्य कुठलं? ते "बोला, बाई" नंतर येतं हे त्यांना पक्कं आठवत होतं. "बोला, बाई" आलंच नव्हतं, तर वाक्य कुठून येणार?

हिरव्या दिव्यावर वेळ चालली होती. पहिल्या रांगेत कियोना ओठ हलवत होती, पण बाईंच्या पाठीला डोळे नव्हते. हॅचरसाहेबांनी समंजसपणे घड्याळाकडे पाहिलं. लिअँडर बॉयकिन समोरच्या कागदाकडे बघत होते. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी हातातलं भाषण दुमडून पर्समध्ये टाकलं.

"मी काळ्या मुलांच्या पाइन ग्रोव्ह शाळेत होते," त्या म्हणाल्या. आवाज चर्चमधला नव्हता. स्वयंपाकघरातला होता. "आम्हाला पुस्तकं यायची ती गोऱ्या मुलांची वापरून झालेली. पुस्तकाच्या आतल्या बाजूला चौकट छापलेली असते ना? ज्याचं पुस्तक, त्याने नाव लिहायचं. माझ्या हातात इतिहासाचं पुस्तक आलं तेव्हा ती चौकट भरलेली होती. सगळ्या ओळी. माझ्यासाठी ओळच उरली नव्हती."

पिवळा दिवा लागला.

"मी बाईंना विचारलं, नाव कुठे लिहू? त्या म्हणाल्या, समासात लिही, पण बारीक लिही. आणि पुस्तकात आमच्याबद्दल काय होतं म्हणाल, तर एक परिच्छेद. त्यात लिहिलं होतं की गुलाम आनंदात होते. परीक्षेत तो प्रश्न आला. मी हुशार होते हो. मी उत्तर बरोबर लिहिलं. आनंदात होते, असं लिहिलं. पैकीच्या पैकी मार्क मिळाले मला."

"बोला, बाई, बोला!"

आवाज मोठा होता, भरदार होता आणि साफ होता.

हॅचरसाहेबांची हातोडी वर गेली. सगळ्या हॉलच्या माना डीकन एझेलकडे वळल्या. तीन गोळ्यांनी गाल फुगलेले डीकन सगळ्यांकडे बघून कावरेबावरे झाले. आपल्यावर आळ आलाय एवढं त्यांना कळलं. ते "मी नाही" म्हणायला तोंड उघडणार, तोच मिस हॅटीने त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"त्या वृद्ध गृहस्थांना बाहेर न्या," हॅचर म्हणाले. "आणि मी सांगितलं होतं. हॉल रिकामा करा."

पोलीस दोन पावलं पुढे आला. कुणी हललं नाही. वर्लीनबाई मायक्रोफोनची दांडी धरून उभ्या होत्या. सांगायचं अर्धं अजून पोटातच होतं.

"रॉइस." आवाज टेबलामागून आला. "ते नव्हते. मी होतो."

लिअँडर बॉयकिन यांचा हात अजून त्यांच्याच तोंडाजवळ होता. इस्त्रीचा शर्ट काखेत भिजला होता. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत ते वर्लीनबाईंपुढे सतरंजीवर बसायचे आणि बाई श्वास घ्यायला थांबल्या की सगळी पोरं हेच ओरडायची. चाळीस वर्षं त्यांनी ही सवय इस्त्रीखाली दाबून ठेवली होती.

"तू?" हॅचर म्हणाले.

"निसटलं तोंडातून."

हॅचरनी हातोडी हवेतच धरली. मग समितीतल्या निवृत्त शिक्षिका मिसेस ओगल्व्ही चष्मा पुसत म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा, अध्यक्षमहाराज. लिअँडरना बाहेर काढा. मग दोन विरुद्ध दोन उरतील आणि समान मतं पडली की ठराव पडतो."

हॅचरसाहेबांनी हातोडी हळूच खाली ठेवली. तेवढ्यात लाल दिवा लागला.

"वेळ संपली, मिसेस गॅस्किन्स."

सगळ्यांना वाटलं, आता बाई सुरू होणार. बाईंनी तोंड उघडलंसुद्धा. मग लिअँडरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मिटलं, आणि जाऊन नातीशेजारी बसल्या. कियोनाने त्यांचा हात धरला.

नावं पुकारायला सुरुवात झाली. बाजूने. विरुद्ध. विरुद्ध. बाजूने. "बॉयकिन?"

लिअँडरनी हॅचरकडे पाहिलं नाही. त्यांच्या निम्म्या विमा पॉलिसी हॅचरच्या गिऱ्हाइकांच्या होत्या, आणि शनिवारी दोघं एकाच तळ्यावर गळ टाकून बसायचे.

"विरुद्ध," ते म्हणाले.

ठराव पडला. वर्ग राहिला. आणि शंभर माणसं ओठ घट्ट दाबून बसून राहिली, कारण सभा संपली नव्हती आणि हॅचरसाहेबांचा हात अजून हातोडीवर होता. पुढचा विषय होता शाळेच्या स्वयंपाकघरातला फ्रीजर. फ्रीजरचं दार नीट लागत नाही यावर सविस्तर चर्चा झाली. माउंट नेबोची माणसं ती ऐकत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फ्रीजरच्या दुरुस्तीवाल्याला वाटलं आपल्या कामाची गावाला एवढी कळकळ आहे, आणि त्याने आणखी सविस्तर सांगितलं.

शेवटी हातोडी आपटली. त्यानंतर काय आवाज झाला म्हणता! त्या गदारोळात वर्लीनबाई टेबलापाशी गेल्या. लिअँडर एकटेच कागद गोळा करत होते. शेजारची हॅचरची खुर्ची कधीच रिकामी झाली होती.

"शनिवारी काय करणार आहेस?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही, बाई," लिअँडर म्हणाले. "आता काहीच नाही बहुतेक."

"मग घरी ये. मासे तळीन. उरलेलं भाषण पण ऐकवते."

लिअँडरनी मान वर केली. "सगळं?"

"सगळं," बाई म्हणाल्या. "आभारांपासून."