बंद कॉक आणि लाल नाडा

गंगाखेडची ती पिकअप आजही आठवते, आणि आठवली की माझा उजवा हात आपोआप खिशात जातो. का, ते पुढे येईलच.

हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात आलो, त्याला फार दिवस झाले नव्हते. ठाण्याचं दप्तर उर्दूतून मराठीत आलं होतं, पण लोक फौजदाराला अजून अमीनसाहेबच म्हणत. मी नवा फौजदार होतो. कायद्याची कलमं पाठ होती, आणि माणसं आपल्याला कळतात असा दांडगा गैरसमजही होता.

गावातल्या एका तेलाच्या व्यापाऱ्याकडे जुनी पिकअप होती. लढाईच्या वेळची गाडी. शेठनी तिचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवून घेतलं होतं. ती एकाच माणसाचं ऐकायची, तिच्या ड्रायव्हरचं. पन्नाशी उलटलेली, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. सारा गाव त्यांना आप्पा म्हणे. मी मात्र तेव्हा त्यांना अरे-तुरे करत होतो.

दसऱ्याच्या सकाळी शेठ घाईघाईनं ठाण्यात आले.

"अमीनसाहेब, रात्री शेडमदी बघितलं तर गाडी न्हाई. सकाळी पालमच्या रस्त्याला उभी सापडली. बाजारासाठी तिच्यात शेंगतेलाचे डबे भरून ठेवले व्हते, त्यातला एक बी न्हाई."

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी हत्यारं, अवजारं, गाड्या यांची पूजा होते आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. टांगेवाला टांगा जोडत नाही, न्हावी वस्तरा उचलत नाही. तिन्हीसांजेला शेठचं सगळं घर देवीच्या आरतीला गेलं होतं. तेवढ्यात गाडी गेली. आरतीच्या ढोल-झांजांत इंजिनाचा आवाज कोण ऐकतो?

फिर्याद लिहून घेतली आणि दोन पंच घेऊन जागेवर गेलो. गाडी गावापासून दीड मैलावर रस्त्याच्या कडेला उभी होती. किल्ली जागेवर, बॅटरी पार उतरलेली. टाकीचं झाकण उघडून पाहिलं तर डिझेल तोंडापर्यंत, आणि टाकीखालची माती डिझेलनं ओली झालेली. हे सगळं मी पंचनाम्यात इमानानं लिहिलं. त्याचा अर्थ काय, हे स्वतःला विचारलं नाही.

शेठचा मुकादम शेडची देखरेख करी. शेठकडे येण्याआधी त्यानं एका ठेकेदाराकडे पेट्रोलची लॉरी चालवली होती. तो पुढं होऊन म्हणाला, "आरतीच्या टायमाला आप्पा शेडकडं जायलता, म्या सोता बघितलं. डबे उतरवून गाडी हितं आणून उभी केली असंल." किल्ली आप्पांच्याच ताब्यात असते, हे शेठनीही सांगितलं. मला आणखी काय हवं होतं? दुपारच्या आत आप्पा लॉकअपमध्ये होते.

त्यांचा जबाब दोन वाक्यांत संपला. "पूजा झाल्यावर किल्ली गाडीम्होरं ताटात ठिवली अन् घरी गेलो. सायेब, गाडीचा कॉक बगा."

"कॉकचं सोड. डबे कुठं आहेत?"

"कॉक बंद हाय का उघडा, तेवढं बगा."

तीनदा विचारलं, तीनदा तेच. आमचे जमादार निजामाच्या वेळचे. ते दारातून म्हणाले, "साब, एक घंटा मेरे हवाले करो, सब बोल देता." मी त्यांना बाहेर काढलं, आणि मग मीच आप्पांच्या थोबाडीत मारली. वडलांच्या वयाचा माणूस, वर्षाचा मोठा सण, आणि मी हाच उजवा हात उचलला. आप्पा गाल चोळत नुसते म्हणाले, "उद्या कोर्टात उभं केलं की माझा परवाना जाईल. पंचवीस वरसं गाडी चालवायलोय, कुणाच्या शेरभर दाण्याला हात लावला न्हाई. कॉक बगा सायेब."

चोवीस तासांच्या आत त्यांना मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं होतं. रिमांडचे कागद मी लिहायला घेतले होते.

संध्याकाळी गावातली माणसं आपट्याची पानं द्यायला ठाण्यात येऊ लागली. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, असं चाललेलं. त्यात पिठाच्या गिरणीचा मालक आला. माझ्या हातात पान देऊन तो तिथंच घुटमळला.

"कामून थांबलात?" मी विचारलं.

"सायेब, सांगावं का न्हाई कळंना. काल खंडेनवमी, माझी गिरण बंद. अंधार पडल्यावर शेठचा मुकादम सायकलीवर आला, क्रूडचा डबा द्या म्हणला." डिझेलला आमच्याकडे तेव्हा क्रूड म्हणत. गिरणीची इंजिनंही त्याच्यावरच चालत. "पावन्याच्या हिरीवरल्या इंजिनाला पायजे म्हणला. म्या दिला. पर रातभर इचार करायलो. खंडेनवमीला इंजिन कोण चालवतंय?"

मी हातातलं पान टेबलावर ठेवलं. गिरणीवाल्याला इंजिनातलं कळत होतं. त्याला बरोबर घेऊन आणि पंचांना पुन्हा बोलावून पालमच्या रस्त्यावर गेलो. वाटेत विचारलं, "हा कॉक काय असतो?"

"टाकीखाली नळीला चावी असती सायेब. बंद केली की तेल इंजिनाकडं जात न्हाई."

तो गाडीखाली वाकला आणि तसाच थांबला. म्हणाला, "तुमीच बगा." मी गुडघे टेकून पाहिलं. कॉक बंद होता. त्याच्या दांडीला आणि नळीला मिळून पूजेचा लाल नाडा बांधलेला, वर कुंकवाचं बोट. नाडा सोडल्याशिवाय कॉक उघडणं शक्य नव्हतं, आणि नाडा जसाच्या तसा होता.

मग गिरणीवाल्यानं मला लहान पोराला समजवावं तसं समजावलं. आप्पांची रीत त्याला ठाऊक होती. ते दर खंडेनवमीला टाकी काठोकाठ भरून ठेवत, कारण अर्धी रिकामी टाकी थंडीत घाम धरते आणि ते पाणी तेलात उतरतं. मग कॉक बंद करून, नाडा बांधून यंत्राला एक दिवस विसावा देत. चोरानं गाडी सुरू केली ती फिल्टरात आणि नळीत उरलेल्या तेलावर चालली, आणि दीड मैलावर बंद पडली. टाकीचा काटा तर केव्हाच बिघडलेला होता. आप्पा खुणा केलेली बांबूची काडी बुडवून तेल बघत. चोराला वाटलं, तेल संपलं. त्यानं डबा आणून भरलेल्या टाकीत ओतला, तो सगळा जमिनीवर सांडला. मग बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारत बसला.

ज्यानं स्वतःच्या हातानं कॉक बांधला, तो माणूस डबा घेऊन तेल मागत कशाला फिरेल? सकाळपासून आप्पा मला हेच सांगत होते.

मुकादमाला ठाण्यात बोलावलं. या वेळी आवाज चढवला नाही. चहा दिला. इकडचं तिकडचं बोलून सहज म्हटलं, "गाडी जुनीच म्हणा. मधेच बंद पडली असेल नाही?"

"तर काय! काटा बिघडल्याला, तेल कवा संपतंय कळतच न्हाई."

"सकाळी तर तू म्हणालास, आप्पानं डबे उतरवून गाडी तिथं आणून उभी केली. तेल संपून बंद पडली, हे तुला कोणी सांगितलं?"

त्यानं अर्धी प्यालेली बशी खाली ठेवली. मी गिरणीवाल्याला आत बोलावलं. त्याला बघितल्यावर मुकादमानं खालमानेनं सगळं सांगितलं. त्याच्या मेहुण्याचा आखाडा, म्हणजे शेतातला गोठा, पालमच्या रस्त्याला, गाडी बंद पडली तिथून हाकेच्या अंतरावर होता. डबे तिथं कडब्याच्या गंजीत निघाले. मुद्देमालाचा पंचनामा झाला.

लॉकअप उघडून मी आप्पांसमोर उभा राहिलो. माफी मागायला फौजदाराची जीभ वळत नाही, तशी माझीही वळली नाही. "आप्पा, सुटलात तुम्ही," एवढंच म्हणालो. अरे-तुरे तेवढं गळून पडलं होतं.

ते म्हणाले, "गाडी रस्त्यावर हाय न्हवं? आधी तिला घरी आणू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. आप्पांनी गाडीला हात जोडले, नाडा सोडला आणि कॉक उघडला. मी म्हटलं, "आता मारा स्टार्टर."

"बॅटरी तर मेलीच. अन् ती असती तरी डिझेल अशी चालू होत न्हाई सायेब. नळीत हवा बसलीय."

फिल्टरावरचा बोल्ट त्यांनी थोडा ढिला केला आणि इंजिनालाच असलेला तेलाचा छोटा हातपंप मारत राहिले. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग बुडबुड्याशिवाय स्वच्छ तेल. बोल्ट आवळला. इंजिनात तेल सोडणाऱ्या मोठ्या पंपाच्या बोल्टालाही तसंच केलं. कुठं घाई नाही, कुठं जोर नाही. मग आप्पा सीटवर बसले, आणि चार शिपाई आणि मी मागून ढकलायला लागलो. वीसेक पावलांवर इंजिनानं धूर ओकला आणि गाडी चालू झाली. खाकी घामानं भिजली होती. शिपाई हसत होते, मला हसू येत नव्हतं.

पुढं नोकरीत पुष्कळ गुन्हे हाताळले. त्या दिवसानंतर एक नेम ठेवला. माणूस चौकशीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागला, की त्याच्यावर ओरडण्याआधी ती गोष्ट जाऊन बघायची. खोटं बोलणारा गोष्ट बदलतो. खरं बोलणाऱ्याकडे बदलायला दुसरं काही नसतं. आणि ज्या कामातलं आपल्याला कळत नाही, त्यातल्या माणसाला विचारायला लाजायचं नाही.

पुढच्या वर्षी दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन मी आप्पांच्या घरी गेलो. अंगात गणवेश होता, तरी वाकून पाया पडलो आणि पान दिलं. आप्पांनी देव्हाऱ्यातून पानं आणली आणि माझ्या हातावर दोन ठेवली.

मी म्हटलं, "दोन कशाला?"

"एक औंदाचं," आप्पा म्हणाले. "अन् एक गेल्या सालचं. तवा राहून गेलं व्हतं."