डाव्या हाताची दोन बोटं

दुपारची भाकरी पोटात गेली की भामाबाई ओट्यावर भिंतीला टेकतात आणि वर सांगतात, झोपत नाही, नुसती टेकलेय. समोर नात पल्लवी सूप मांडीवर घेऊन विड्या वळते आहे. विड्या कसल्या, वर्तमानपत्राचे तुकडे आणि आत लाकडाचा भुसा. विडी कंपनी बंद पडली, तिच्या जिवावर जगणारं अर्धं गाव पोटासाठी बाहेर गेलं, तरी कंपनी परत येणार ही भामाबाईंची आशा काही सुटत नाही. तोवर पोरीचा हात तयार व्हायला हवा, आणि तो तर अजून उलटाच जातो. याच काळजीत त्यांच्या डोळ्यांवर झापड येते.

पल्लवीच्या जागी आता तिची आई बसली आहे. मथुरा, भामाबाईंची सून. खोकून खोकून गेलेली, पण अंगावर हळदीची साडी.

"आत्याबाई, सूप द्या की इकडं."

"अगं, तू तर..." भामाबाई पुढचं गिळतात. मेलेल्या माणसाला तसं तोंडावर कसं म्हणायचं?

ओट्याचं कंपनीचं गोदाम झालं आहे. बायका रिकामी सुपं घेऊन रांगेत उभ्या आहेत. विड्या तपासणारा चेकर मथुराची विडी उचलतो, "उलटी," म्हणतो आणि फेकून देतो. मथुरा डावखुरी, तिच्या विडीला पीळ उलटा पडायचा. गावात दुसरं काम नव्हतं आणि या कामाला तिचा हात चालत नव्हता. तेव्हा भामाबाईंनीच नव्या नवरीच्या डाव्या हाताची दोन बोटं विडीच्या लाल दोऱ्यानं करकचून बांधली होती. उजवा हात वळायला लागेपर्यंत, रोज.

"शिवणक्लासला जाते म्हणत होते मी," मथुरा म्हणते. "कातरी छान चालायची माझी डाव्या हातानं."

"विड्या सोडून शिवण? गावात शिवून घ्यायला होतं कोण गं?"

"तुम्ही होता की. पहिली चोळी तुमचीच शिवली होती मी."

ती चोळी भामाबाईंनी कधी अंगाला लावली नाही. त्यांची मान खाली जाते.

वर बघतात तर दवाखान्याची खाट. मथुरा डावा हात पुढे करते. बोटं अजून बांधलेली, निळी पडलेली.

"दुखतंय, आत्याबाई. आता तरी सोडा."

गाठ त्यांनीच मारलेली, पण त्यांनाच सुटत नाही. त्या दातांनी ओढतात, रडतात. "चुकलं गं माझं. लई चुकलं."

जाग येते तेव्हा भामाबाईंच्या मुठीत लाल दोरा आहे, थुंकीनं ओला. पल्लवी डाव्या हाताची दोन बोटं चोळत त्यांच्याकडे बघते आहे. तीही आईसारखीच डावखुरी. बोटं सकाळीच तर बांधली होती.

"आज्जी, झोपेत तूच सोडलास दोरा. रडत होतीस." पोरगी भीत भीत बोटं पुढे करते. "परत बांधतेस ना?"