फीचं गाऱ्हाणं

त्या वर्षी माझं देवाशी बोलणं जवळजवळ बंद होतं. भांडणच म्हणा ना. संध्याकाळी घरात दिवा लागायचा, आई तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायची, बाबा हातपाय धुऊन तसबिरीपुढे डोळे मिटून उभे राहायचे आणि मी मुद्दाम पुस्तकात डोकं खुपसून बसायचे. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं, विषय रसायनशास्त्र. जो देव गिरणी बंद पडताना गप्प बसला, तो आता काय डोंबल करणार आहे, असं माझं स्पष्ट मत होतं. आई म्हणायची, "जिभेक जरा हाड आसूंदे." मी म्हणायचे, "त्याला ऐकू येत असेल तर रागावू दे की."

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. संप लांबला, मग मिटल्यासारखा झाला, पण बाबांना परत बोलावणं काही आलं नाही. आमच्या भांडुपच्या डोंगरावरच्या चाळीत अशी घरं पुष्कळ होती. बहुतेक सगळे आमच्याच गावाकडचे, मालवणकडचे. कुणी भाजी विकायला लागलं, कुणी गावी परत गेलं. बाबांनी मुलुंडच्या एका कारखान्यात राखणदाराची नोकरी धरली. वीस वर्षं कापड विणलेल्या माणसाने फाटकापाशी स्टुलावर बसायचं हे त्यांना सोपं गेलं नसणार, पण त्याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. बाबांचा एकच नियम होता आणि तो लोखंडाचा होता. कुणाकडे काही मागायचं नाही, कुणी आपण होऊन दिलं तरी घ्यायचं नाही. "घेतलेला परत करूक येता, पण घेताना खाली घातलेली मान वर येत नाय," हे त्यांचं वाक्य. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. मीही त्यांचीच मुलगी होते. कॉलेजच्या कँटीनवरून मी अशी चालत जायचे, जणू मला चहा आवडतच नाही. मैत्रिणींच्या आदल्या वर्षीच्या जर्नलमधली कोरी पानं काढून मी माझं जर्नल शिवलं होतं आणि कुणी विचारलंच तर सांगायचे, हा कागद शाईला बरा असतो.

शिकवण्या करून मी परीक्षेची फी साठवत आणली होती. पण त्या हिवाळ्यात कारखान्याच्या मालकाने बाबांचा पगार थकवला आणि माझी साठवण बघता बघता तांदूळ-रॉकेलमध्ये गेली. कॉलेजच्या फळ्यावर फी भरायची शेवटची तारीख लागली. ती गेली की परीक्षेला बसता येणार नव्हतं, म्हणजे वर्ष जाणार होतं. आणि आमच्यासारख्या घरात वर्ष गेलं की शिक्षण गेलं, हे कुणी कुणाला समजावून सांगावं लागत नाही. साकीनाक्याला रेडिओचे सुटे भाग जोडायच्या एका कारखान्यात मुली हव्या होत्या. आईने तिथे विचारूनही ठेवलं होतं. माझ्यापासून लपवून ठेवलं होतं, पण चाळीत काही लपत नाही. मी बाबांना म्हटलं, "जाईन की कामाला. त्यात काय!" बाबा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले. त्यांची पाठ बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्याच आठवड्यात आमच्या ग्रामस्थ मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती. ही पूजा दरवर्षी माघात चाळीच्या पटांगणात व्हायची. पूजा झाली, आरती झाली की मंडळातले सगळ्यांत वडीलधारे तात्या हातात नारळ घेऊन गाऱ्हाणं घालायचे. ज्यांनी ते ऐकलेलं नाही त्यांना सांगायला हवं. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. भटजींच्या संस्कृतातलं नव्हे, आपल्या बोलीतलं. एकाने मागायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी एका आवाजात हुंकार द्यायचा, "व्हय म्हाराजा!" ज्याला काही खास मागायचं असेल त्याने आधी तात्यांच्या कानात सांगून ठेवायचं. तात्या गोदीत हमालांचे मुकादम होते, आवाज असा की समोरच्या डोंगरावर आदळून परत यावा. पण मागताना तोच आवाज असा ओला व्हायचा की, देवावर रुसलेली मीसुद्धा दरवर्षी कान देऊन ऐकायचे.

पूजेला प्रत्येक घरातून काहीतरी वस्तू देवापुढे ठेवायची पद्धत होती. शेवटी त्यांचा लिलाव व्हायचा आणि येणारा पैसा मंडळाचा. कुणी केळ्यांचा घड आणायचं, कुणी साडी. आमच्याकडे त्या वर्षी देण्यासारखं काही नव्हतं. पत्र्यावर चढलेल्या वेलाला एकच तांबडा भोपळा धरला होता, तो आईने उतरवला, पुसला, कुंकवाचं बोट लावलं आणि साड्यांच्या शेजारी नेऊन ठेवला. मला शरमेने मेल्यासारखं झालं. तो भोपळा तिथे बसलाही होता अगदी ऐसपैस.

आरती संपली. तात्यांनी नारळ उचलला. बाबा पहिल्या रांगेत उभे होते, नेहमीसारखे डोळे मिटून. त्यांच्याइतक्या मोठ्याने हुंकार देणारं चाळीत दुसरं कुणी नव्हतं.

"बा देवा सत्यनारायणा, आज तुझ्या लेकरांनी तुका हाक मारल्यानी हा, ती आयक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जे आजारी आसत तेंका बरे कर, जे कामधंद्याक मुकले तेंका काम दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तात्यांनी नारळ आणखी उंच धरला. "आणि म्हाराजा, आमच्यातल्या एका चेडवाची परीक्षेची फी अडली हा. तिचो बापूस कोणाकडे मागूचो नाय, म्हणान तुझ्याकडे मागतंव. तिची वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा होता. पंधरा-वीस वर्षांची सवय ती, शब्द कानात शिरण्याआधीच हुंकार बाहेर पडला. मग त्यांनी डोळे उघडले. चेडू म्हणजे मुलगी, आणि चाळीत कॉलेजला जाणारी मुलगी एकच होती. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई पदराच्या टोकाशी खेळत जमिनीकडे बघत होती. मला जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. आमची इतकी झाकून ठेवलेली गरज अख्ख्या चाळीसमोर, तीसुद्धा लाऊडस्पीकरवरून! बाबा तिथून निघून गेले असते, पण गाऱ्हाणं चालू असताना देवाला पाठ दाखवत नाहीत. ते दगडासारखे उभे राहिले.

लिलाव सुरू झाला. साड्या गेल्या, केळी गेली. मग भोपळा वर उचलला गेला आणि थोडा हशा पिकला. कुणीतरी पाच रुपये म्हटलं. तेवढ्यात अगदी मागून, मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या एका माणसाने शांतपणे म्हटलं, "पन्नास."

सगळ्यांच्या माना वळल्या. पांढरा सदरा, काखेत छत्री. माघात छत्री कशाला, हेही मला तेव्हा सुचलं नाही. ओळखीचा चेहरा नव्हता, बोलणंही आमच्याकडचं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं की तो दुसऱ्या कुणाचा तरी पाहुणा असेल. आता खरं सांगायचं तर पन्नास रुपयांत भोपळा गेला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण आमची माणसं! पाच पैशांसाठी भाजीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालणारी, पण गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आला की खिसा उलटा करणारी. आमच्या शेजारच्या काशीआक्का, ज्या कामगारांसाठी खाणावळ चालवायच्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आमच्या देवाचो भोपळो भायरचो नेतलो? साठ!"

"शंभर," तो माणूस म्हणाला. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही.

मग जे काही झालं ते आठवलं की मला आजही हसू येतं आणि हसता हसता डोळे भरतात. भोपळा बाहेरच्याच्या हाती जाता कामा नये म्हणून गावाकडच्या दोन वाड्यांतले हाडवैरीसुद्धा एक झाले. एक जण बोली वाढवायचा, तो माणूस त्याच्यावर चढवायचा, लगेच तिसरा उठायचा. कुणी वर्गणी काढू लागलं, कुणी बायकोच्या बटव्याला हात घातला. पगार न मिळालेली, गिरणीची थकबाकी न मिळालेली ही माणसं, आणि हसत होती, एकमेकांना चिडवत होती, "सोडू नको रे तेका!" म्हणून ओरडत होती. मी रागावलेली होते, शरमलेली होते, आणि तरी त्या माणसांकडे बघत राहिले. इतकी सुंदर माणसं मी आजवर नीट पाहिलीच नव्हती, असं मला वाटलं.

शेवटी काशीआक्कांनी शेजारपाजाऱ्यांची वर्गणी धरून जो आकडा उच्चारला, त्यावर तो माणूस पहिल्यांदा हसला आणि त्याने हात जोडले. भोपळा आक्कांचा झाला. टाळ्या, शिट्ट्या, नुसता गोंधळ. त्या गोंधळात तो प्रसाद घेऊन कधी गेला ते कुणी पाहिलं नाही. नंतर चौकशी झाली. तो कुणाचाच पाहुणा नव्हता. तात्यांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "मोल वाढवूक इल्लो, वाढवन गेलो." मी यावर काही म्हणत नाही. रस्त्याने जाणारा कुणी भला माणूस असेल, गाऱ्हाणं कानावर पडलं म्हणून थांबला असेल. मला जेवढं दिसलं तेवढं सांगितलं.

तात्यांनी भोपळ्याचे ते पैसे देवापुढे ठेवले, मग उचलून बाबांसमोर धरले.

"माका नको, तात्यानू," बाबा म्हणाले. "देवाचे पैसे ते. मंडळाचे. मी कोणाकडे मागलंय नाय."

तात्या म्हणाले, "मागलंस नाय? मगाशी सगळ्यांत मोठ्यान व्हय कोण म्हटल्यान? देवाक हाक घातलंस, देवान ओ दिल्यान. आता हात मागे घेतलंस तर गाऱ्हाना खोटा पाडलंस. मगे पुढच्या वर्सा मी कोणत्या तोंडान देवाकडे मागू? सांग तूच."

बाबांचा लोखंडाचा नियम माणसांसाठी होता. देवाला ‘नको’ कसं म्हणायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी हळूहळू दोन्ही हात पुढे केले. मी बाबांची मान खाली गेलेली त्या दिवशी पाहिली, पण ती तात्यांपुढे नव्हती, कुणापुढेच नव्हती. ते रडत होते. गिरणी गेली तेव्हा न रडलेला माणूस मांडवात सगळ्यांसमोर रडत होता आणि कुणीही त्यांची समजूत घालायला गेलं नाही, हे त्या लोकांचं मोठेपण. सगळे उगाच सतरंज्या गोळा करू लागले.

माझी फी भरली गेली. मी परीक्षेला बसले, पास झाले, पुढे शिक्षिका झाले. पण मी जेव्हा त्या दिवसाबद्दल देवाचे आभार मानते, तेव्हा फी मनात नसते. गरज लपवून ताठ चालणं म्हणजेच स्वाभिमान, असं मी धरून चालले होते. त्यात आपण किती एकटे पडतो हे कळत नव्हतं. शरण जाणं म्हणजे हरणं नव्हे. आपली ओंजळ भरणारे हात कुणाचे, हे ठरवायचा हट्ट सोडणं, एवढंच ते असतं. देव आहे की नाही यावर मी त्यानंतर कुणाशी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी काशीआक्कांनी त्या भोपळ्याची भाजी केली, भरपूर ओलं खोबरं घालून, आणि खाणावळीत आम्हा सगळ्यांना पंगतीला बसवलं. बाबा यायचे नाहीत असं आईने गृहीतच धरलं होतं. ते आले. मांडी घालून बसले, मान खाली घालून जेवू लागले. आक्का वाढायला पुढे आल्या तेव्हा मला वाटलं, आता हे पानावर हात आडवा धरतील. बाबांनी वर पाहिलं, ताट थोडं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "आक्का, वायच आणखी घाल गो."