सरांनी न लिहिलेलं वाक्य

सिल्लोडकडचे एक लेखक होते. पुस्तकं तीनच, तीही आता मिळत नाहीत. निवृत्तीनंतर मात्र सर रोज सकाळी मोबाइलवरून आपल्या खात्यावर पोस्ट लिहायचे: मेंढरं, मक्याचं पीक, गावातली भांडणं, वापरातून गेलेले शब्द. चिकलठाण्याला कामावर जाताना मी ते वाचायची. जुनं काही शोधायचं तर सापडायचं नाही, म्हणून मी एक वेबसाइट काढली. विषयवार मथळे, आणि मथळ्यावर बोट ठेवलं की सरांच्या खात्यावरची पोस्ट किंवा मुलाखत उघडायची.

मजकूर उतरवून घेऊ का, असं विचारलं होतं. ते म्हणाले, "नको बाई. मी रोज दुरुस्त्या करतो. माझ्या चुका कशाला जपता?" मला ते पटलं.

सरांच्या मुलाखती घेणारं स्थानिक चॅनेल आधीच बंद पडलं, त्याबरोबर मुलाखतीही गेल्या. मग सर गेले. त्यानंतरच्या त्यांच्या वाढदिवसानंतर एकही पोस्ट उघडेना. मी सिल्लोडला त्यांच्या मुलाच्या दुकानात गेले.

"ताई, लोक मेलेल्या माणसाला शंभर वर्षं जगा म्हणत होते," मुलगा म्हणाला. "आईला कुणीतरी वाचून दाखवलं. ती जेवंना. काढून टाकलं खातं."

"कायमचं?"

"व्हय."

"त्यांचा फोन?"

"फॉर्मेट मारून आईलाच दिला. कीर्तनं ऐकती त्याच्यावर." त्यानं चहा पुढे केला. "तुम्ही तरी उतरवून ठेवायचं की. एवढ्या शिकलेल्या!"

"त्यांनीच नको म्हटलं होतं."

"दादांचं कशाला ऐकायचं? घरात कोण ऐकत होतं!"

त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. चहा पिऊन निघाले.

साइटवर वाचकांना आवाहन केलं: ज्यांच्याकडे जे असेल ते पाठवा. बऱ्याच जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाठवली. पोस्ट एकाकडेही नव्हती. मग सरांचा फोटो आणि त्याखाली सुविचार असलेलं एक चित्र आलं: आई, माती आणि अश्रू, तिन्ही एकाच वाक्यात. सरांनी असलं वाक्य कधीच लिहिलं नसतं. आता तेच सगळीकडे फिरतंय. परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आलं.

हे त्यांचं नाही, असं मी खाली लिहिलं. लगेच एका बाईंनी विचारलं, "मग त्यांचं कोणतं, ते टाका ना."

मी फोन ठेवला आणि कुकर लावला.