फडताळातली पाखरं

घड्याळकाकांना पहिलं पाखरू दिसलं ते संध्याकाळच्या चहाला. तांदळाच्या दाण्याहून जरासं मोठं, अर्धं राखाडी, अर्धं तांबूस. ते फडताळाच्या दारातून निघालं, वाकडंतिकडं उडत काकूंच्या अगदी नाकासमोरून गेलं आणि छताच्या कोपऱ्यात बसलं. काकू साखर ढवळत राहिल्या. काका चहा विसरून कोपऱ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या कुणाच्या घरी याचं काही वाटलं नसतं. पण काकूंनी तीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलेलं. रोज चारशे पोरांचं जेवण, आणि तीस वर्षांत ताटात केससुद्धा सापडला नाही. पिठाचं पोतं उसवायच्या आधीच त्या वास घेऊन सांगायच्या, "परत पाठवा हे." जुनं संपल्याशिवाय डब्यात नवं ओतायचं नाही, हे हाताखालच्या बायकांना त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्या बायका आता आपापल्या सुनांना ऐकवतात म्हणे. अशा बाईच्या घरात पाखरू उडतं आणि ती त्याला साधं हाकलतही नाही!

काकांनी विचारायला हवं होतं. पण काकांचा स्वभाव तसा नाही. जन्मभर मनगटी घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस. घड्याळ उघडायला त्याला दोन मिनिटं लागायची आणि तोंड उघडायला दोन दिवस. त्यांनी आपल्या दुकानातला बारीक चिमटा काढला आणि स्टुलावर चढून पाखरं टिपायला सुरुवात केली. आठवड्यात अकरा टिपली. बाराव्याच्या वेळी काकूंनी खालून विचारलं, "वर काय शोधताय?"

"जळमटं," काका म्हणाले.

"या वयात पडाल आणि मला उस्तवार करायला लावाल."

शेवटी त्यांनी गुपचूप लेकीला फोन लावला. ती हसायलाच लागली. "बाबा, उडणारी मारून काय होणार? ती अंडी घालून मोकळी झालेली असतात. खरी खादाड असते अळी, आणि ती डब्यात असते. सगळं फडताळ रिकामं करा. झाकणांच्या आट्यांत बघा, फळीवरच्या कागदाखाली बघा. जाळी धरलेलं सगळं पिशवीत बांधून घराबाहेर टाका. चांगलं वाटेल ते आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे न दिसणारी अंडी मरतात. आणि पुढं सगळं घट्ट झाकणाच्या बरण्यांत. आईला सांगितलंत ना?"

"सांगतो," काका म्हणाले, आणि सांगितलं नाही.

बुधवारी काकू दुपारी बहिणीकडे गेल्या तसे काका कामाला लागले. पिठाचा मोठा डबा त्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर पालथा केला. पिठाचे थर होते. वरचं पांढरं, ताजं. त्याखालचं पिवळट. तळाचं तपकिरी, जाळ्यांनी एकमेकांत गुंतलेलं, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. जुन्यावर नवं, त्यावर आणखी नवं. काकूंच्या हातून.

डब्याचा तळ तिला दिसतच नसणार. मग एकेक आठवायला लागलं. सुईत दोरा ओवायचं काम गेल्या वर्षापासून त्यांच्याकडे आलं होतं. पेपर त्यांनीच मोठ्यानं वाचायचा, कारण "तुमचा आवाज छान आहे" असं काकू म्हणाल्या होत्या, आणि हा शहाणा माणूस त्यावर आठवडाभर खूश होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घड्याळातली केसाएवढी खोट शोधली आणि बायकोचे डोळे चालले ते कळलं नाही. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

तीन तास ते राबले. खराब झालेलं बांधून बाहेर नेलं, डबे गरम पाण्यानं आणि साबणानं घासले, उन्हात वाळवले, फळ्यांच्या फटी ब्रशनं साफ केल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं पीठ आणून बरणीत भरलं. मग सगळे डबे, बरण्या उंचीप्रमाणे ओळीनं लावल्या, आपल्या दुकानातल्या खणात घड्याळांचे सुटे भाग लावायचे तशा. फडताळ असं देखणं दिसत होतं, की त्यांनी मागं सरकून दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी चहा केला. नेहमीसारखा फडताळात हात घातला, डावीकडून तिसरी बरणी काढली आणि दोन चमचे दुधाची पावडर घातली. ते पीठ होतं. चहाची खळ झाली. काकांनी कप तोंडाला लावला, घोट गिळला आणि म्हणाले, "छान झालाय."

मग काकूंनी स्वतःचा घोट घेतला.

त्यांनी कप खाली ठेवला. "माझ्या डब्यांना कुणी हात लावला?"

"मी. जरा साफसफाई..."

"किती दिवस?"

"कालच केली गं."

"ते नाही. किती दिवस हे 'छान झालाय' चाललंय?"

"आजच," ते म्हणाले. "अगं, फडताळात पाखरं झाली होती. पिठाला जाळी धरली होती. तुला सांगायचा धीर झाला नाही."

"माझ्या घरात?" काकू ताडकन उठल्या. "शक्यच नाही. दाखवा."

खिडकीच्या काचेवर एक चुकार पाखरू बसलं होतं. काकांनी ते अलगद टिपलं. काकू उजेडात जाऊन हात पसरून उभ्या राहिल्या. त्यांनी तळवा डोळ्यांजवळ नेला, तिरका केला, पुन्हा सरळ केला.

"ठेवा ना मग," त्या म्हणाल्या.

"ठेवलंय गं."

काकू कितीतरी वेळ रिकाम्या वाटणाऱ्या त्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा असा काही झाला, की काकांनी तो हात पाखरासकट आपल्या दोन्ही हातांत धरला.

"लेकीला कळलं की ती म्हणेल, आई, आता शेगडीपाशी जाऊ नकोस," काकू म्हणाल्या. "मग सकाळी उठून मी करू काय? चारशे पोरं जेवली हो या हातचं."

"मोतीबिंदू असेल. काढतात तो. आणि नाहीच निघाला, तर तू सांगायचं आणि मी बघायचं. पण मला सांग तरी. मी घाबरलोय गं."

असं ते उभ्या जन्मात बोलले नव्हते. काकूंनी पदराला डोळे पुसले, नाक ओढलं, आणि हात हातातच ठेवून त्यांना भिंतीवरच्या फोनपाशी ओढत नेलं. शेजारी डॉक्टरांच्या नंबरांचा कागद चिकटवलेला होता.

"डोळ्यांच्या डॉक्टरांचा तुम्ही बघा," काकू म्हणाल्या. "मला दिसत नाही."